दोन्ही टोकं घट्ट

छिंगपोला या कामातून तीन गोष्टी मिळणार होत्या, आणि तिन्ही त्याने मनात नीट मांडून ठेवल्या होत्या. पहिली, सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत घराबाहेर राहायला मिळणार होतं. दुसरी, दुपारचं जेवण बहिणीकडे. तिच्या बांबूच्या कोंबांच्या सूपमध्ये मीठ असे, आणि ते ओरपताना कुणी रक्तदाबाचा आकडा विचारत नसे. तिसरी सगळ्यांत मोठी. बहिणीचा नवरा वेनशान तीस वर्षं म्हणत आला होता की लाकूड जिवंत असतं आणि लोखंड मेलेलं. आता छिंगपोचं मेलेलं लोखंड लाकडात ससा कोरणार होतं, आणि वेनशानला हात मागे बांधून ते बघत उभं राहावं लागणार होतं.

खर्चाच्या बाजूला त्याने नाशपातीची एक पेटी तेवढी धरली होती.

त्याची बायको यूये हिचाही हिशेब होता, पण तो एकाच ओळीचा होता: हा माणूस घराबाहेर जाईल. अकरा महिन्यांपूर्वी तो शनगांगच्या स्क्रूच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातले डबे व्यासाप्रमाणे लावले. पुढे एकदा तिने चिरलेल्या काकडीला व्हर्नियर लावून तो म्हणाला, "चकत्या-चकत्यांत दीड मिलिमीटरचा फरक आहे." यूयेने चकत्या वाडग्यात ढकलल्या आणि सांगितलं, "पोटात गेल्यावर जुळतील."

वेनशानचं दुकान फंगयुआनच्या जुन्या बाजारामागे होतं. केकचे लाकडी साचे कोरणारी तिथं एके काळी पाच दुकानं होती, आता हे एकच उरलं होतं. हिवाळ्यात वेनशानच्या उजव्या मनगटातली शीर दुखावली. दिवसाला एक तास पटाशी, त्यापुढे हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि नेमकी तेव्हाच बेकरीवाल्या ल्यू शेठची ऑर्डर आली: शरदातल्या चंद्राच्या सणासाठी नव्वद साचे, प्रत्येकात झाडाखाली बसलेला ससा. चांद्र पंचांगातला सातवा महिना भुतांचा, त्या महिन्यात शेठ नवी वस्तू घरात घेत नसत. त्यामुळे सहाव्या महिन्याच्या एकोणतीस तारखेला, म्हणजे महिना संपायच्या दिवशी, नव्वदच्या नव्वद साचे त्यांच्या हातात पडायला हवे होते. नाहीतर ते प्लास्टिकच्या साच्यांकडे जाणार होते. प्लास्टिककडे गेलेला बेकरीवाला परत येत नाही, हे बाजूच्या चार दुकानांकडे बघून कळत होतं. त्यांतल्या तीन दुकानांत आता चहा विकत होते. आणखी एका चहावाल्याने बीश्याकडे याच दुकानाच्या भाड्याची चौकशी करून ठेवली होती.

बीश्या छिंगपोची धाकटी बहीण. दुकान तिच्या जिवावर चालायचं, आणि मशीनची कल्पनाही तिचीच. ससा तिने संगणकावर काढून ठेवला होता, मोटरी मागवल्या होत्या, लोखंडी चौकट शेजारच्या वेल्डरकडून जोडून घेतली होती. राहिले होते ते स्क्रू. एक लांब, टेबल पुढेमागे न्यायला. एक जरा आखूड, आडवा. आणि एक उभा, कोरणाऱ्या डोक्याला वरखाली करायला. मोटर स्क्रू फिरवते, स्क्रूच्या आट्यांवरून नट सरकतो आणि नटाला बांधलेलं टेबल केसभर जाऊन थांबतं. अशा मशीनचं सगळं इमान त्या आट्यांत असतं.

आणि स्क्रू म्हटल्यावर छिंगपोला सोडून दुसऱ्या कुणाला विचारणं म्हणजे त्याचा अपमानच झाला असता.

त्याचा जुना शागीर्द आखून आता कारखान्याच्या तपासणी खात्यात होता. फाटकासमोरच्या टपरीवर दोघं भेटले.

"उस्ताद, लाकूडच कोरायचंय ना?" आखून म्हणाला. "मग बाजारातला पितळी नटाचा साधा स्क्रू घ्या. पाचशेच्या आत मिळतो. आट्यावर आटा घासत जातो, पण लाकडाला काय कळतंय?"

"घासतो म्हणजे झिजतो."

"बरं, मग रोल केलेला बॉल स्क्रू. नटात गोळ्या, हलका फिरतो. अडीच हजार."

"रोल केलेला," छिंगपो म्हणाला, "म्हणजे दाबून काढलेले आटे. त्या शेवया आहेत. मी चौतीस वर्षं आटे ग्राइंड केले आणि आता बहिणीच्या घरी शेवया वाढू?"

आखून हसला. गिऱ्हाइकाने टोकाच्या ओरखड्यासाठी परत पाठवलेले तीन स्क्रू भंगाराच्या रांगेत पडून होते. आटे मात्र आरशासारखे. चांगल्या अवस्थेत एकेकाची किंमत अठरा हजार. निवृत्त माणसाला भंगारातला माल नेता येत असे. छिंगपोने नाशपातीची पेटी आखूनच्या स्कूटरवर ठेवली आणि स्क्रू कापडात गुंडाळून तान्ह्या बाळासारखे घरी आणले.

साडेसात हजारांच्या चौकटीत चोपन्न हजारांचे स्क्रू. नाकापेक्षा मोती जड. पण मोती फुकट मिळाला की नाकाचा विचार कोण करतं?

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने तिन्ही स्क्रू मांडले. यूये ताटल्या हातात धरून उभी राहिली.

"उभ्यालाही असलाच?" तिने विचारलं.

"असलाच. एका मशीनमध्ये दोन जाती नकोत."

"बरं," यूये म्हणाली. "आता ते उचल, मासा गार होतोय."

तिच्या 'बरं'मध्ये काही असेल असं छिंगपोच्या मनातही आलं नाही. त्याला दोष देता येणार नाही. शनगांग, दाया, फंगयुआन या पट्ट्यात एक स्क्रू तयार होईपर्यंत सात शेड हिंडतो. एकाने कापायचा, एकाने कडक करायचा, एकाने सरळ करायचा, एकाने आटे ग्राइंड करायचे, आणि मधला प्रवास स्कूटरवर. आपला टप्पा झाला की माल पुढे. पुढच्याने त्याचं काय केलं हे विचारायचं नाही आणि मागच्याने काय केलं त्यावर बोलायचं नाही. दुसऱ्याच्या टप्प्यात तोंड घालणं म्हणजे दुसऱ्याच्या वाडग्यात आपल्या जेवायच्या काड्या घालणं. यूये दायाच्या मशीनच्या कारखान्यात बावीस वर्षं होती. तिथं ती काय करते असं कुणी विचारलं तर छिंगपो सांगे, "बोल्ट आवळते." त्याला तेवढंच माहीत होतं, आणि तिनेही त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त कधी सांगितलं नव्हतं: "घासतो."

दुसऱ्या दिवसापासून छिंगपो दुकानात दाखल झाला. वेल्डरने जोडलेल्या, जरा कलत्या चौकटीला त्याने डायल गेज लावला, तेव्हा वेनशान पाठीमागे येऊन उभा राहिला.

"दादा, काटा काय म्हणतोय?"

"चार शतांश मिलिमीटर बाहेर आहे."

"माझं लाकूड पावसाळ्यात एवढं तर श्वास घेताना हलतं."

"म्हणून तर सांगतोय, लोखंडावर विश्वास ठेव."

"ठेवतो. मेलेल्या माणसासारखं आहे, शब्द फिरवणार नाही."

स्क्रूची दोन टोकं दोन बेअरिंगच्या ठोकळ्यांत बसवायची होती. इथं छिंगपोने जे केलं ते चौतीस वर्षं ग्राइंडरवर उभा राहिलेला माणूसच करू शकतो. ग्राइंडरवर स्क्रू दोन टोकांना दोन सेंटरमध्ये पकडतात. पकड जितकी पक्की, तितके आटे खरे. दोन्ही टोकं घट्ट, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. त्याने दोन्हीकडे जोड-बेअरिंगचे सारखे ठोकळे आणले, दोन्हीकडे टोक जखडणारे लॉकनट आवळले, नट आधीच टेबलाला कसून टाकला, आणि वर पाव फेरा जास्तीचा दिला. टेबल हाताने हलवून पाहिलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, नावालाही नाही.

"हलत नाही," तो समाधानाने म्हणाला.

"हलायला नको का?" वेनशानने विचारलं.

"मोटर हलवेल."

बीश्याने तीन उदबत्त्या लावल्या, फळं ठेवली आणि हिरव्या पाकिटातल्या मक्याच्या कुरकुऱ्यांची पिशवी मशीनच्या डब्यावर चिकटवली. त्या कुरकुऱ्यांचं नावच 'शहाण्यासारखं वाग', आणि या बेटावरचं कुठलंही मशीन त्या हिरव्या पिशवीशिवाय शहाण्यासारखं वागत नाही. पिशवीवरची तारीख उलटून गेलेली नाही, एवढं तिने दोनदा पाहिलं. मग बटण दाबलं.

पहिली वीस मिनिटं छिंगपोच्या आयुष्यातली मोठी होती. टेबल लोण्यावरून गेल्यासारखं सरकत होतं. लाकडात झाडाचं खोड उमटलं, फांद्या उमटल्या, सशाची पाठ आली. वेनशान हात मागे बांधून उभा होता. तिसरी जमा वसूल झाली.

मग सूप तयार आहे म्हणून बीश्याने मशीन थांबवलं आणि मुख्य बटण बंद केलं. वीज गेल्याबरोबर कोरणारं डोकं उभ्या स्क्रूवरून आपल्याआपण खाली घसरलं आणि पातं सशाच्या पाठीत रुतलं.

छिंगपोने ते वर उचललं, ते पुन्हा घसरलं.

"दमली बिचारी," वेनशान म्हणाला. "बसली."

जेवणानंतर त्यानेच वर एक कप्पी बांधली, तिच्यावरून दोरी घेतली आणि दुसऱ्या टोकाला लोणच्याच्या बरणीवरचा दगड लटकवला. डोकं वर राहिलं. छिंगपोला तो दगड डोळ्यांसमोर नको झाला. अठरा हजारांच्या स्क्रूला लोणच्याच्या दगडाने तोलून धरलं होतं.

खरं घोडं दुसऱ्या साच्याला अडलं. अर्धा तास झाला की लांब स्क्रू कण्हायला लागे. टेबल टोकाकडे गेलं की मोटर गुरगुरे, एक पाऊल चुके आणि पुढे जाई. मोटरला वाटे आपण बरोबर आहोत, आणि पुढचं सगळं कोरकाम दोन मिलिमीटर बाजूला होई. तयार झालेल्या साच्यात ससा होता, पण कान डोक्याच्या शेजारी, झाडाच्या खोडावर उगवले होते.

"कान काढून ठेवलेत," वेनशान म्हणाला. "झोपताना टोचत असतील."

"मोटर कमजोर आहे," छिंगपो म्हणाला.

सकाळी थंड असताना मशीन नीट चाले, तापलं की अडे. टेबलाच्या मध्यावर बरं, टोकांना जड. रोज तेच. छिंगपो रोज सकाळी सगळे बोल्ट पुन्हा आवळी, कारण सैल असेल तिथंच चूक असणार. चार दिवसांत चार लाकडी ठोकळे वाया गेले. मग त्याने स्वतःच्या शब्दावर मोठी मोटर आणवली, बेचाळीसशेची. मोठ्या मोटरने कण्हणं ऐकून घेतलं नाही. तिने स्क्रू जबरदस्तीने फिरवला, आणखी तीन ठोकळ्यांवर आणखी तीन बिनकानांचे ससे काढले आणि दहा तारखेच्या दुपारी मोटर आणि स्क्रू यांना जोडणारं कपलिंग मधोमध फाडून टाकलं.

त्याच दुपारी ल्यू शेठ चक्कर मारायला आले. फाटलेलं कपलिंग त्यांनी पाहिलं, सात सशांची रांग पाहिली.

"कानांची काही नवी पद्धत आहे का?" त्यांनी विचारलं.

"चाचणी चाललीय," बीश्या म्हणाली.

"चालू द्या. एकोणतीस तारखेला मी टेंपो पाठवतो. भरला तर तुमचा, रिकामा आला तर तो तसाच पुढे प्लास्टिकवाल्याकडे जाईल. मला राग नाही हं, वेनशान. पण केक कशात तरी थापायला लागतो."

शेठ चहा पिऊन गेले. वेनशान आत गेला आणि पटाशी घेऊन बसला. एक तास झाला, दोन झाले. बीश्याने आत डोकावून पाहिलं तर त्याने मनगटाला फडकं करकचून बांधलं होतं आणि तो कोरत होता. तिने त्याच्या हातातून पटाशी काढून घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली खिशात घातली. नवं कपलिंग यायला चार दिवस लागले, तोवर ती मध्ये पडली नाही. पाचव्या दिवशी, कपलिंग बदलूनही टेबल तसंच कण्हायला लागलं तेव्हा, तिने भावाला गाठलं.

"दादा, वहिनीला विचारलंस?"

"कशाबद्दल?"

"बसवण्याबद्दल. ती बावीस वर्षं हेच बसवत होती."

"ती बोल्ट आवळायची."

"कशाचे?"

कशाचे, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने दोनदा भात घेतला. यूये बघत होती. हा माणूस दुसऱ्यांदा भात घेतो तेव्हा त्याला काहीतरी बोलायचं असतं.

"दायाला," तो शेवटी म्हणाला, "लांब स्क्रूचं दुसरं टोक कसं धरायचे?"

"कुणाकडे?"

"तुमच्या कारखान्यात."

"बावीस वर्षं मी तिथं जात होते. तू आज विचारतोयस."

"तू तरी कधी सांगितलंस?"

"तुझ्या ग्राइंडरबद्दल मी कधी बोलले?"

नव्हती बोलली. रीतच तशी होती.

"मी स्क्रू टेबलावर ठेवले त्या दिवशी तुला कळलं होतं," छिंगपो म्हणाला.

"उभ्याचं कळलं होतं. तो घसरणार हे दिसत होतं. पण तू विचारत नव्हतास, सांगत होतास." तिने त्याच्या वाडग्यात कोबी वाढला. "लांब स्क्रूचं मला काय माहीत तू कसा बसवशील? मला वाटलं, एवढं तर कुणालाही येतं."

इतक्या दिवसांत वेनशानने मारलेल्या सगळ्या टोमण्यांपेक्षा हे शेवटचं वाक्य छिंगपोला जास्त लागलं, कारण यात टोमणा नव्हता.

"उद्या येशील?"

"येईन. दिवसाला दीड हजार लागतील. बीश्याला सांगून ठेवलंय."

"तिच्याशी आधीच बोललीस?"

"मंगळवारी भाजीबाजारात भेटली होती. मी म्हटलं, त्याने स्वतः विचारलं तर येते. आणि एक, मी काम करत असताना तू माझ्या मागे उभा राहायचं नाहीस."

"मग कुठं उभा राहू?"

"स्वयंपाकघरात. बीश्या संगणकापुढे, मी मशीनपुढे. जेवण कोण करणार?"

पंधरा तारखेला सकाळी यूये कापडी पिशवी घेऊन दुकानात आली. पिशवीत ॲलन कीचा जुडगा होता, प्रत्येक कीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी, आणि ग्रीसचा एक डबा. छिंगपोने त्या घरात तीस वर्षं काढली होती, पण हा जुडगा त्याने पहिल्यांदा पाहिला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ते मागे नव्हतं, बाजूला होतं, म्हणून यूयेने चालवून घेतलं.

तिने मोटर सोडवली आणि स्क्रू दोन बोटांनी फिरवून पाहिला. टेबल मध्ये असताना तो फिरला. टोकाला नेल्यावर बोटं घसरली.

"तीन जणांनी धरलाय याला," ती म्हणाली. "या बेअरिंगने, त्या बेअरिंगने आणि नटने. तिघांची ओढ तीन दिशांना. मोटर बिचारी काय करेल?"

"मी चार शतांशात बसवलंय," छिंगपो दारातून म्हणाला.

"तू बसवलंस ते बरोबर आहे असं धरून बाकीचं आवळलंस. आपण जुळवायचं नसतं. स्क्रूला जुळवू द्यायचं."

तिने एकूण एक बोल्ट सैल केला. मग तिने टेबल मोटरच्या बाजूला अगदी जवळ आणलं, स्क्रू बोटाने फिरवत राहिली आणि फिरता फिरता त्या बाजूचा ठोकळा आवळला, थोडा इकडचा, थोडा तिकडचा, तिरक्या जोडीने. टेबल दुसऱ्या टोकाला नेलं. तिथला जोड-बेअरिंगचा ठोकळा उपटून काढला आणि पिशवीतून एक साधं, एकाच बेअरिंगचं घर काढून लावलं. त्यात बेअरिंग पुढेमागे सरकू शकत होतं.

"तिथं लॉकनट?" छिंगपोला राहवलं नाही.

"नाही."

"म्हणजे ते टोक मोकळं?"

"मोकळं नाही. आधार आहे, पकड नाही. तापला की स्क्रू लांब होतो. मग त्याने जायचं कुठं? तू दोन्हीकडून दारं लावून घेतलीस."

"ग्राइंडरवर दोन्ही टोकं घट्टच धरतात."

"ग्राइंडरवर त्याला गार तेलाची आंघोळ चालू असते. तुमच्या खोलीत बाराही महिने वीस अंश. आणि तिथं तो पडून असतो, काम तू करतोस. इथं काम त्याला करायचंय, पत्र्याखाली, अडतीस अंशांत."

छिंगपोने विचार केला. वीस अंश. चौतीस वर्षं ती थंडी त्याला हवेसारखी वाटत आली होती, आपोआप असणारी. ती राखणारा कुणीतरी दुसऱ्या टप्प्यातला माणूस असणार.

नटाचे बोल्ट तिने सगळ्यांत शेवटी आवळले, टेबल चार वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन. मग करंगळीने स्क्रू फिरवला. टेबल निघालं आणि शेवटपर्यंत गेलं. चाळीस मिनिटं लागली होती. वेनशानने आपला उजवा हात पुढे केला.

"वहिनी," तो म्हणाला, "माझं मनगट पण जरा सैल करून बघ."

"त्याला मालकाने आराम द्यावा लागतो," यूये म्हणाली. मग तिने वर लटकलेल्या दगडाकडे पाहिलं आणि दाराकडे वळली. "उभ्याला पितळी नटाचा साधा स्क्रू हवा. गोळ्यांचा उभा केला की वजनाने आपणच फिरतो. साधा घासतो म्हणून जागेवर थांबतो. जा, घेऊन ये."

बाजारातला दुकानदार छिंगपोला ओळखत होता. त्याने पितळी नटाचा स्क्रू काउंटरवर ठेवला आणि हात तसाच राहू दिला.

"छिंगपो उस्ताद, हा तुम्हाला?"

"हो."

"हा तर... कशाला हवाय?"

"पडद्याला," छिंगपो म्हणाला आणि बीश्याने दिलेल्या पैशांतून चारशे ऐंशी मोजले.

त्या दिवशी तीन वाजता मशीन सुरू झालं. अर्धा तास झाला, एक तास झाला. स्क्रू हाताला कोमट लागत होता, पण कण्हत नव्हता. सशाचे कान सशाच्या डोक्यावर आले. बीश्याने मुद्दाम मुख्य बटण बंद केलं. कोरणारं डोकं जिथं होतं तिथंच राहिलं. वेनशानने दोरी सोडली आणि दगड परत बरणीवर ठेवला. लोणचं दहा दिवस उघडं होतं.

पुढचे चौदा दिवस दुकान एका लयीत चाललं. एक साचा तासाभरात उतरे. यूये ठोकळा बदली, आट्यांवर बोटभर ग्रीस लावी. बीश्या संगणक बघे. वेनशान प्रत्येक साचा हातात घेऊन म्हणे, "डोळा मेलेला आहे," आणि नऊ मिनिटांत पटाशीने त्यात नवा डोळा काढी. त्याच्या दिवसाचा एक तास बरोबर तेवढ्यातच खर्च होई. डोळ्यांत काय फरक पडतो ते छिंगपोला दिसत नव्हतं, पण त्याने विचारलं. वेनशानने त्याला साचा उजेडात धरून दाखवला, तरी दिसलं नाही. मग तो स्वयंपाकघरात गेला. बांबूच्या कोंबांच्या सूपमध्ये मीठ किती घालायचं यावर त्याचं आणि यूयेचं रोज वाजे, आणि त्यात रोज यूये जिंके.

एकोणतीस तारखेला टेंपो आला. ल्यू शेठ स्वतः बरोबर होते. नव्वद साचे त्यांनी एकेक करून उलटून पाहिले, कणकेच्या गोळ्यावर तीन ठसे उठवून पाहिले.

"डोळा वेनशानचा," ते म्हणाले. "बाकी कुणाचं?"

"घरचंच," बीश्या म्हणाली.

शेठनी ठरलेली रक्कम चुकती केली आणि पुढच्या वर्षासाठी कासवाचे साचे सांगून गेले. चहावाल्याला बीश्याने त्याच संध्याकाळी नकार कळवला.

मग तिने वही काढली आणि एकेकाला पाकीट दिलं. यूयेचं पाकीट छिंगपोने हातात तोलून पाहिलं. चौदा दिवसांचे एकवीस हजार व्हायला हवे होते. आतल्या कागदावर चौदा हजार एकशे पन्नास लिहिलं होतं.

"कमी आहेत," तो म्हणाला. "आणि मोठ्या मोटरचे, कपलिंगचे, बिघडलेल्या ठोकळ्यांचे मी देणार होतो. पेन्शन पाच तारखेला येते, मी म्हटलं होतं."

"ते वळते झाले, दादा," बीश्या म्हणाली आणि वही मिटली.

घरी जाताना स्कूटरवर, सिग्नलला थांबल्यावर, त्याने मागे न वळता विचारलं, "तू का भरलेस?"

"तुझ्या पेन्शनीतून गेले असते तर तू वर्षभर त्या मोटरची बाजू मांडत बसला असतास," यूये म्हणाली. "तेवढ्यात सुटले. स्वस्त पडलं. सिग्नल सुटलाय, चल."

मोठी मोटर, बेचाळीसशे. कपलिंग, साडेतीनशे. पडद्याचा स्क्रू, चारशे ऐंशी. बिघडलेले सात ठोकळे, अठराशे वीस. एकूण सहा हजार आठशे पन्नास. भरले यूयेने.